रंगाऱ्याची नात

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "ह्या वेळी तुम्ही बोला" म्हणून निरोप धाडला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवी. आजवर मंडळात तोंड उघडले ते लोणच्याच्या नाहीतर वाळवणाच्या विषयावर. पण विषय त्यांनीच काढून दिला. आळीतल्या सगळ्याजणी मला एकच विचारतात, "तुमची थोरली पुण्यात एवढी वर्षे करते तरी काय?" मी सांगायची, "रंग करते." की लगेच पुढचा प्रश्न, "भिंतीचे की कपड्याचे?" त्याचे धड उत्तर मलाही येत नव्हते. दिवाळीत लेक घरी आली होती, तेव्हा तिच्याकडून चार-चारदा विचारून घेतले नि वहीत उतरवले. तेच आज सांगते. चुकेल ते माझे समजा, बरोबर येईल ते तिचे.

आता जरा दिवे घालवा पाहू. हा छोटा दिवा आमच्या ह्यांच्या दुकानात नोटा तपासायला असतो. कुणाच्या डोळ्यावर मारू नये. ह्या दोन वाट्या. दोहोंत चिमूट चिमूट हळद आहे. एकीत साधे पाणी घातले आहे आणि दुसरीत कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली उरली होती ती ओतली आहे. निरांजन तेवढे लांब सरकवा, त्यात स्पिरिट असते. आता बघा. पाण्यातली हळद नुसती पिवळी, आणि ह्या वाटीतली कशी हिरवट पिवळी पेटल्यासारखी दिसते! हळद तीच, दिवाही तोच. आणि तिसऱ्या रांगेत पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या दोघी बघा, कशा निळ्या उजळल्या! घाबरू नका. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी घालतात ना, त्याची ती करामत आहे.

ह्या चमकण्याला पुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात. केंब्रिजच्या स्टोक्स नावाच्या पंडिताने 1852 साली त्याला इंग्रजी नाव दिले. रंग जोराचा उजेड गिळतो, त्यातला थोडा ऊब होऊन जातो, आणि उरलेला कमी जोराचा उजेड तो परत टाकतो. शंभराची नोट मोडली, वीस वाटेत खर्च झाले, ऐंशी हातात आले असे समजा. जोर कमी झाला म्हणून परत आलेल्या उजेडाचा रंग वेगळा. लेकीच्या सूक्ष्मदर्शकात एक काच असते, ती पहिला उजेड अडवते आणि दुसरा तेवढा सोडते. त्यामुळे अंधारात पणत्या लावाव्या तसे दिसते. लावा दिवे आता.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या डोळ्यांत असा रंग जाऊन आला असेल. चार वर्षांपूर्वी फोडणीची मोहरी उडून माझ्या डोळ्यात गेली होती. डॉक्टरांनी पिवळ्या कागदाची एक पट्टी डोळ्याला लावली आणि निळा उजेड टाकला. बुबुळावर जिथे ओरखडा होता तेवढीच रेघ हिरवी चमकली. त्या रंगाचे नाव फ्लुओरेसिन. जर्मनीतल्या बायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो 1871 साली तयार केला. पुढे 1877 मध्ये डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी जमिनीत जिरून जाते ते कुठे निघते हे पाहण्यासाठी तिथे सुमारे 10 किलो हा रंग ओतला. साधारण 60 तासांनी 12 किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. नदीचा माग काढणारा रंग आणि माझ्या डोळ्यातली रेघ दाखवणारा रंग एकच, हे ऐकून मला मोठी गंमत वाटली.

पण माझे खरे लक्ष लागले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. ह्याच बायरने निळीची घडण शोधून काढली. त्या वाटेने 1897 मध्ये कारखान्याची नीळ बाजारात आली नि आपल्याकडची निळीची शेती बसली. आता नीळ म्हटले की मी ऐकणारच. माझे माहेर सोलापूर. आमचे आप्पा सूत रंगवायच्या कारखान्यात रंगारी होते. त्यांची बोटे पेराला निळी असायची, ती लग्नाकार्यातही लपत नसत.

शाळेतून येताना मी त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा निळीच्या पिपाशी उभी राहायची. नीळ पाण्यात विरघळत नाही. नुसती नीळ पाण्यात घालून सूत बुडवले तर वरवर डाग पडतो नि पहिल्या धुण्यात जातो. म्हणून पिपात कॉस्टिक आणि हायड्रो घालून निळीचे रूप बदलतात. मग पिपातले पाणी निळे राहत नाही, पिवळट हिरवे होते. त्या रूपात ती सुतात शिरते. लडी बाहेर काढून वाऱ्यावर धरली की डोळ्यांदेखत हिरव्याची निळी होते, आणि आत शिरलेली नीळ आतच अडकते. म्हणून तो पक्का रंग. लेकीने दिवाळीत मला तिच्या रंगाची गोष्ट सांगितली तेव्हा मी म्हटले, "अगं, हे तर आप्पांचे पीप!" तीही क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली.

तिचे काम असे आहे. आपले शरीर पेशींचे. पेशी इतकी बारीक की केसाच्या जाडीत चार-पाच शेजारी शेजारी मावतील. सूक्ष्मदर्शकाखाली ती शिजलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक दिसते, आतले काही वेगळे कळत नाही. पूर्वी पेशी औषधात मारून मग रंगवत. त्यात घर दिसते, पण घरातली माणसे काय करीत होती ते कळत नाही. जिवंत पेशीत रंग घालायचा म्हणजे मोठी पंचाईत. पेशीला बाहेरून तेलकट पडदा असतो, तो पाहिजे ते घेतो नि नको ते बाहेर ठेवतो. रंगाने त्या पडद्यातून आत जायचे, शेकडो वस्तूंमधून आपली जागा ओळखायची, तिथेच चमकायचे, इतरत्र गप्प राहायचे, आणि एवढे करून पेशीला त्रास द्यायचा नाही. आप्पांच्या सुताला असले काही सोसावे लागत नव्हते. कॉस्टिकमध्ये बुडवले तरी सूत तक्रार करत नाही.

आत शिरायची युक्ती रॉजर त्सिएन नावाच्या संशोधकाने 1981 साली दाखवली. पेशीतल्या कॅल्शियमची चढउतार त्यांना जिवंतपणी पाहायची होती. पण त्यांच्या रंगाला विजेचा भार होता, त्यामुळे पडदा त्याला आत घेईना. त्यांनी त्या भारावर रसायनाची झाकणे बसवली. झाकलेला रंग तेलकट पडद्यातून सरकून आत जातो. आत पेशीचीच पाचके ती झाकणे कापून टाकतात, भार उघडा पडतो आणि रंगाला परत बाहेर जाता येत नाही. रूप बदलून आत जायचे आणि मूळ रूप घेऊन अडकायचे, निळीसारखेच की नाही? पण लेक लगेच म्हणाली, "आई, कापलेल्या झाकणातून थोडे फॉर्मॅल्डिहाइड सुटते हं." म्हणजे फुकट तिथेही काही नाही. त्सिएन ह्यांना 2008 साली दोघांबरोबर नोबेल मिळाले ते मात्र दुसऱ्या कामासाठी, जेलीफिशमधल्या हिरव्या चमकत्या प्रथिनासाठी. 2016 मध्ये ते वारले.

लेकीचा रंग ज्या जागी जायचा ती म्हणजे तंतुकणिका. मुलांच्या पुस्तकात तिला पेशीचे ऊर्जाघर म्हणतात. मला ती शेवयांसारखी दिसली, लांब लांब, सारखी हलणारी, एकमेकींना जोडली जाणारी नि तुटणारी. तिच्या आतल्या बाजूला विजेचा उणा भार असतो. म्हणून अधिक भाराचा रंग तिच्याकडे ओढला जातो. ऱ्होडामाइन 123 नावाचा रंग असाच आपोआप तिथे जाऊन बसतो हे 1980 मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. ह्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की हा ओढा तंतुकणिका काम करते तोवरच. ती थकली की भार उतरतो नि रंग पसरून जातो. म्हणजे रंग नुसती जागा दाखवत नाही, तिथे चूल पेटलेली आहे की विझली आहे हेही सांगतो.

रंगाचा रेणू कागदावर काढून ती मला दाखवत होती. मधे कड्यांची चौकट, दोन बाजूंना दोन हात. जुन्या रंगात हे हात सुटे असतात, उजेड गिळला की वळवळतात, आणि त्या वळवळीत मिळालेली शक्ती वाया जाते. अमेरिकेत जनेलिया नावाच्या संस्थेत ल्यूक लॅव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली तो हात चार अणूंच्या छोट्या कड्यात बांधून टाकला. आधी शंभर वाटे गिळून 41 परत मिळत, ते 88 मिळू लागले. कामाला लागताना आपण पदर खोचतो तसेच हे! आणि चौकटीतला ऑक्सिजनचा एक अणू काढून तिथे सिलिकॉनचा बसवला की रंग तांबड्याच्या बाजूला सरकतो. तांबड्या उजेडाचा जोर कमी, म्हणून पेशीला तो कमी भाजतो. एवढ्याशा अणूची अदलाबदल आणि केवढा फरक! हिंगाऐवजी चुकून दुसरे काही पडावे आणि आमटी सुधारावी, असे आपल्या नशिबी कधी येत नाही.

ह्या सिलिकॉनच्या रंगाची एक गोष्ट आमच्या घराच्या जवळची आहे, ती सांगायची परवानगी मी मोठ्या जाऊबाईंकडून घेतली आहे. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांना छातीच्या गाठीवर जी सलाइनमधून औषधे दिली त्यांत डोसीटॅक्सेल होते. हे औषध यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून करतात. पेशीत बारीक नळ्यांसारखे धागे असतात. एका पेशीच्या दोन होताना ह्याच धाग्यांनी आतला ऐवज दोन्हीकडे वाटला जातो. औषध त्या धाग्यांना घट्ट धरून ठेवते, मग गाठीच्या पेशीला दोन होता येत नाही. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर वाढत असतात, त्यांनाही ते धरते, म्हणून जाऊबाईंचे केस गेले होते. आता हे धागे पाहायचे तर रंग कशाला बांधावा? स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या संशोधकांनी 2014 मध्ये तो ह्याच औषधाच्या रेणूला बांधला. औषध धागा शोधते, रंग बरोबर जातो. मोकळा असताना हा रंग बहुतेक बिनरंगी घडीत मिटून असतो, जागेवर चिकटला की उघडतो नि चमकतो. हळदीच्या दोन वाट्या दाखवल्या त्या ह्यासाठी. कारण वेगळे आहे, पण योग्य ठिकाणी गेल्यावरच चमकायचे ही रीत तशीच.

जाऊबाईंनी हे ऐकल्यावर सरळ विचारले, "मग त्या पेशीचेही माझ्यासारखेच होत असेल की." लेक म्हणाली, "होते ना काकू, मात्रा जास्त झाली तर होते. धागा दिसतो, पण तो धरलेला धागा असतो." म्हणून तो रंग अगदी कमी, जेवढ्यास तेवढा घालायचा.

आणि इथेच आमच्या घरातली कटकट सुरू झाली होती, ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत लेक घरी आली ती तोंड पाडूनच. तिने तीन वर्षे खपून एक रंग केला होता. तो तंतुकणिकेत बरोबर जात होता आणि लख्ख चमकत होता. तिने मला फोनवर चित्र दाखवले. काळ्या पटावर नारिंगी शेवया, दृष्ट काढावी असे! मी म्हटले, "मग रडतेस कशाला?" तिने दुसरे चित्र दाखवले, दहा मिनिटांनंतरचे. त्या शेवया तुटून मण्यांची माळ विसकटावी तशा गोल गोल झाल्या होत्या. रंग उजेड गिळतो तेव्हा सगळीच शक्ती चमकण्यात जात नाही. थोडी जवळच्या प्राणवायूला जाते, आणि तो चवताळलेला प्राणवायू शेजारचे सगळे भाजतो. रंग जितका आत, नाजूक जागी जाऊन बसलेला, तितके भाजणे जवळून. बिनरंगाच्या पेशींवर तेवढाच उजेड टाकला तर त्या धडधाकट राहिल्या. म्हणजे दोष तिच्या रंगाचा.

तेव्हा मी दोन गोष्टी बोलले. पहिली अशी की एक चांगले स्थळ सांगून आले आहे, तर हे आता पुरे कर. दुसरी त्याहून वाईट. मी म्हटले, "पहिल्या मिनिटाचे चित्र एवढे सुरेख आहे, तेवढेच दाखव की. दहाव्या मिनिटाचे कोण विचारतो?" ती काही बोलली नाही. ताटावरून उठली.

रात्री मला झोप येईना, आणि आठवले ते आप्पांचे. एकदा दिवाळीच्या तोंडावर व्यापाऱ्याची घाई होती, तेव्हा आप्पांनी लाल सुताचा एक घाणा पुरता न धुता, न तपासता दिला. त्याच्या चादरी झाल्या. त्यातली एक कुणाच्या तरी रुखवतात गेली, आणि पहिल्या धुण्यात तिच्या लालाने पांढरे कपडे डागाळले. पैसे परत गेले, ते एक झाले. पण आप्पा म्हातारपणी सगळे विसरले तरी "तो लाल कच्चा होता" हे मधूनच म्हणायचे. ते सांगणारी मी, आणि लेकीला मी काय सांगत होते! सकाळी चहा देताना मी तिला ती गोष्ट सांगितली. माफी मागितली असे म्हणवत नाही, आईला ते जमत नाही. पण स्थळाचा विषय मी त्यानंतर काढला नाही.

पुढची दोन वर्षे तिने काय केले ते थोडक्यात सांगते, कारण त्यातले बरेचसे बाटल्या धुणे नि परत तेच करणे आहे. रंग तांबड्याकडे सरकवला, मात्रा कमी केली, उजेड सतत न देता थांबून थांबून दिला. आणि चीनमधल्या पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक उपाय छापला होता, तो तिने आपल्या रंगावर करून पाहिला. रंगाच्या अंगाला आठ कार्बनच्या कड्याचा एक तुकडा जोडायचा. रंगात साठलेली जी शक्ती प्राणवायूला चवताळवते, ती हा तुकडा आधीच स्वतःकडे घेतो नि शांतपणे उबेत घालवतो. कुकरच्या शिट्टीसारखे म्हणा. पहिला रंग असा बिघडला, दुसरा जागेवरच जाईना. तुकडा जोडल्यामुळे तो फार तेलकट झाला नि कुठेही चिकटू लागला.

तिसरा गेल्या मार्गशीर्षात झाला. आता तिची परीक्षा करायची रीत बदलली आहे, चित्र किती लख्ख आहे ते ती शेवटी बघते. दोन बशा घेते. एकीत रंग घातलेल्या पेशी, एकीत बिनरंगाच्या. दोहोंवर सारखाच उजेड. ह्या पेशी साधारण दिवसाला एकदा एकाच्या दोन होतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही बशांतल्या मोजायच्या. रंगाच्या बशीतल्या कमी भरल्या तर रंग नापास.

त्या आठवड्यात एके दिवशी पहाटे तिने फोनवर चित्रफीत पाठवली. मी दूध तापत ठेवले होते. एक पेशी, तिच्यात अंधुक तांबड्या शेवया. पहिल्यासारख्या लख्ख नाहीत, डोळे बारीक करून बघाव्या लागतात. मग पेशी गोल झाली, शेवया दोन बाजूंना वाटल्या गेल्या, मधे कंबर आवळल्यासारखी झाली नि दोन पेशी शेजारी शेजारी बसल्या. दूध सगळे ओट्यावर. खाली तिने लिहिले होते, "अजून मोजायच्या आहेत, कुणाला सांगू नकोस." संध्याकाळी निरोप आला, दोन्ही बशांचा आकडा जवळजवळ सारखाच.

तीन वेळा तसेच आल्याशिवाय ती काही लिहिणार नाही म्हणते. दोनदा आले आहे. तिसरी बशी ह्या शनिवारी आहे, आणि सांगू नकोस म्हणाली होती तरी तुमच्यापुढे बोलायची परवानगी तिनेच काल दिली, "आई, दहाव्या मिनिटाचेही सांग" ह्या अटीवर. ते मी सांगितले.

आता हळदीकुंकू घ्या. त्या दोन वाट्या तेवढ्या कुणी तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवू नका, एकीत सॅनिटायझर आहे.